नुकसानभरपाईची मागणी आणि वसुलीचा तगादा



पैशाची मागणी करणारा कागद घरी आला, की सर्वसाधारण कुटुंबात दोन प्रकारची वागणूक आढळून येते. काही जण भीतीपोटी, हिशेबही न विचारता, असेल तेथून रक्कम उभी करून मागणी भागवतात. काही जण तो कागद फडताळात ठेवून देतात आणि उत्तर देण्याचे टाळतात. पहिल्या वागणुकीत पैसा नाहक जातो. दुसरीत मौनाचा अर्थ कबुली असा लावण्यास समोरच्याला वाव मिळतो. मागणीची लेखी व सकारण तपासणी करणे हा या दोहोंमधील शहाणपणाचा मार्ग होय. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने घेतलेली मोटार आणि तिच्या नुकसानीबद्दल मागाहून येणारी मागणी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय त्या मार्गाचे एक चांगले उदाहरण आहे.

प्रश्नाचे स्वरूप

लग्नकार्य, देवदर्शन किंवा सहल यांसाठी चालकाविना मोटार भाड्याने घेण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत शहरांतून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. गोव्यास जाणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांना तर ती अंगवळणी पडली आहे. समजा, कोल्हापूर जिल्ह्यातील एका शिक्षकाने दिवाळीच्या सुटीत गोव्यात तीन दिवसांसाठी मोटार घेतली. पाच हजार रुपये अनामत दिली. परत करताना ताबा घेणारा इसम घाईत होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, "ठीक आहे" म्हणून किल्ली घेतली, आणि अनामत दोन दिवसांत परत येईल असे सांगितले. नवव्या दिवशी भ्रमणध्वनीवर संदेश आला : पुढील बंपर १४,००० रुपये, दरवाजाचा रंग ९,००० रुपये, गाडी पाच दिवस उभी राहिल्याचे १२,५०० रुपये, प्रशासकीय खर्च २,५०० रुपये, एकूण ३८,००० रुपये. पंधरवड्यानंतर स्वतःला वसुली अधिकारी म्हणवणाऱ्या माणसाचा दूरध्वनी आला. पैसे न भरल्यास मुख्याध्यापकांना कळवू, पोलीस पाठवू, अशी भाषा त्याने वापरली.

हे उदाहरण कल्पित असले, तरी अशा प्रसंगाची घडण बहुधा अशीच असते. यात दोन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. रक्कम खरोखर देय आहे काय, आणि असल्यास किती, हा पहिला. ती मागण्याची रीत कायद्याला धरून आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाच्या विरुद्ध गेले, तरी दुसऱ्या प्रश्नातील त्याचे संरक्षण नाहीसे होत नाही. या दोहोंची गल्लत केल्यामुळेच सामान्य माणूस घाबरतो.

सुप्याचा धडा

मागणी करणाऱ्याने हिशेब दाखवला पाहिजे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि दख्खनच्या दंग्यांना प्रारंभ झाला. जमावाचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या ताब्यातील कर्जखतांवर व रोख्यांवर होता. मिळेल तेथे ते कागद जाळण्यात आले. मूळ मुद्दल किती, फेड किती, व्याज कसे चढले, हे ज्याला वाचता येत नव्हते त्याच्या अंगठ्याचा ठसा मात्र कागदावर होता, आणि न्यायालयात तो कागदच बोलत असे.

या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यान्वये न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबून न राहता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा असे ठरले. शेतकऱ्याला पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्रात २०१४ मध्ये झालेल्या सावकारी नियमन कायद्यातही परवाना, पावती आणि हिशेब यांवरच भर आहे. काळ बदलला, खताच्या जागी भ्रमणध्वनीवरील करार आला, अंगठ्याच्या जागी 'मान्य आहे' ही कळ आली. परंतु हिशेब मागण्याचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही.

कायद्याची बैठक

भाड्याची मोटार ही करारापुरती सोपवलेली परक्याची वस्तू होय. अशा वस्तूविषयीचे नियम भारतीय करार कायदा, १८७२ यात आहेत. कलम १५१ नुसार, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी वस्तू घेणाऱ्याने घेतली पाहिजे. तितकी काळजी घेऊनही वस्तूची हानी झाली, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार ठरत नाही, असे कलम १५२ सांगते. येथे 'वेगळा करार नसल्यास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण भाडेकरारात बहुधा अशी वेगळी अट असते. म्हणून करार वाचल्याविना सही करणे हे नुकसानीचे पहिले कारण होय.

मालकावरही बंधन आहे. कलम १५० नुसार भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असून त्यामुळे घेणाऱ्याची हानी झाली, तर त्या दोषाची माहिती मालकाला असो वा नसो, तो जबाबदार ठरतो. झिजलेल्या टायरमुळे किंवा बिघडलेल्या ब्रेकमुळे अपघात झाला, तर या कलमाचे स्मरण ठेवावे.

करारात दंडाची ठरावीक रक्कम लिहिलेली असली, तरी ती जशीच्या तशी वसूल होते असे नाही. कलम ७४ नुसार करारातील आकडा ही कमाल मर्यादा असून तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात या कलमाचे विवेचन केले. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की हानी झालेली असणे हीच या कलमाच्या वापराची पूर्वअट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने तर, झालेल्या हानीच्या मानाने सर्वस्वी अवाजवी दंड लादणाऱ्या कराराची गणना अनुचित करारांत केली आहे.

आता शिक्षकांच्या उदाहरणातील रकमा तपासून पाहाव्यात. बंपर हा प्लास्टिकचा भाग. मोटार विम्याच्या प्रचलित पद्धतीत रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो. हा दंडक भाडेकराराला आपोआप लागू होत नाही. परंतु जुन्या बंपरऐवजी कोरा बंपर बसवून त्याची पूर्ण किंमत ग्राहकाकडून घेणे वाजवी काय, हे पाहण्यास तो उपयोगी पडतो. या हिशेबाने १४,००० ऐवजी ७,००० रुपये होतात. दरवाजावरील ओरखडा याच प्रवासात पडल्याचे सिद्ध झाले, तर रंगाचे ९,००० रुपये मान्य करावे लागतील. गॅरेजच्या कागदांवरून दुरुस्तीस दोनच दिवस लागले असे दिसले, तर प्रतिदिनी २,५०० प्रमाणे ५,००० रुपये होतात. आणि त्या दोन दिवसांत गाडीला खरोखर गिऱ्हाईक होते काय, हेही विचारता येते. प्रशासकीय खर्चाचा उल्लेख करारात नसेल, तर त्याला आधार नाही. याप्रमाणे सर्व नुकसान सिद्ध झाले असे धरले, तरी वाजवी रक्कम २१,००० च्या आसपास येते. त्यातून अनामतीचे ५,००० वजा जातात. विमा कंपनीकडून मालकाला काही रक्कम मिळाली असल्यास तीही वजा व्हावयास हवी. एकाच हानीची भरपाई दोनदा घेता येत नाही. ३८,००० आणि १६,००० या दोन आकड्यांमधील अंतर हे केवळ प्रश्न विचारल्याचे फळ आहे.

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. गाड्या भाड्याने देणारे सगळेच धनाढ्य नसतात. एक-दोन गाड्यांवर संसार चालवणाऱ्या, त्यांचे हप्ते फेडणाऱ्या मालकाला निष्काळजी गिऱ्हाइकाने घातलेला तोटा परवडणारा नसतो. झालेले नुकसान नाकारणे हा ग्राहकाचा हक्क नव्हे. नुकसान जितके, तितकेच देणे, हा त्याचा हक्क व कर्तव्य दोन्ही होय.

ताबा घेताना आणि देताना

वाद जिंकला जातो तो बहुधा वाद निर्माण होण्यापूर्वीच. म्हणून काही गोष्टी सवयीच्या व्हाव्यात. भाड्याने, स्वतः चालवण्यासाठी देण्यास अधिकृत असलेल्या मोटारीच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी भाड्याने देऊ केली, तर अपघातप्रसंगी विमा नाकारला जाण्याचा धोका संभवतो. सबब स्वस्त पडते म्हणून अशी गाडी घेऊ नये.

ताबा घेताना गाडीच्या चारही बाजू, चाके, काचा, छत, आतील भाग, किलोमीटरचा आकडा व इंधनाचा काटा यांची छायाचित्रे किंवा सलग चलचित्र घ्यावे. पूर्वीचे ओरखडे व पोचे यांची नोंद कागदावर करवून घेऊन मालकाच्या प्रतिनिधीची सही घ्यावी. विम्याची प्रत पाहावी, आणि नुकसान झाल्यास ग्राहकाने सोसावयाची कमाल रक्कम किती, हे लेखी विचारावे. ताबा परत देताना हीच कृती पुन्हा करावी. प्रकाश अपुरा असेल, तर उजेडात गाडी उभी करण्याचा आग्रह धरावा. 'गाडी सुस्थितीत मिळाली' एवढे चार शब्द तारीख, वेळ व सहीसह मिळाले, तर पुढील पुष्कळ मनस्ताप वाचतो. प्रतिनिधी सही देत नसेल, तर तेथूनच त्याच्या क्रमांकावर छायाचित्रे पाठवून ठेवावीत. मूळ छायाचित्रे भ्रमणध्वनीतून पुसू नयेत. न्यायनिवाड्याच्या वेळी मूळ नोंदीला महत्त्व असते.

मागणी आल्यानंतर

मागणीला दूरध्वनीवर उत्तर देत बसू नये. लेखी उत्तर, शक्य तर आठवड्याच्या आत, ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने पाठवावे. त्यात मागणी मान्य नसल्याचे स्पष्ट लिहून पुढील कागद मागावेत : नुकसानीची तारीख-वेळ दाखवणारी छायाचित्रे, ताब्याच्या दोन्ही वेळच्या नोंदी, गॅरेजचे अंदाजपत्रक व प्रत्यक्ष देयक, दुरुस्तीचा कालावधी, विम्याचा दावा केला असल्यास त्याचा तपशील, आणि करारातील नेमके कोणते कलम लागू केले, त्याचा उल्लेख. ज्याने दावा मांडायचा त्यानेच तो सिद्ध करायचा, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व असून १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे.

मागणीचा काही भाग रास्त वाटत असेल, तर तेवढा देण्याची तयारी त्याच पत्रात दाखवावी. दडपणाखाली पूर्ण रक्कम भरणे भाग पडलेच, तर 'तक्रारीचा हक्क राखून ठेवून' असे लिहून भरावी व पावती घ्यावी. तडजोड झाली, तर 'यापुढे कोणतीही बाकी नाही' असे लेखी पत्र घेतल्याखेरीज शेवटचा पैसा देऊ नये.

रक्कम क्रेडिट कार्डावरून परस्पर वळती करून घेतली असेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्वरित लेखी हरकत घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या निदेशांनुसार, देयकाविषयी तक्रार आल्यास बँकेने तक्रारीपासून ३० दिवसांच्या आत खुलासा करावयाचा असतो. वाद चालू असताना थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीकडे पाठवताना सावधगिरी बाळगावी, असेही त्यात सांगितले आहे.

तगादा आणि त्याच्या मर्यादा

वसुलीसाठी नेमलेला माणूस न्यायाधीशही नाही आणि पोलीसही नाही. करारातील बाकी हा दिवाणी स्वरूपाचा वाद असतो. फसवणूक, चोरी असा गुन्हा नसेल, तर केवळ बाकी राहिली म्हणून पोलीस कोणाला उचलून नेऊ शकत नाहीत. मागणी करणाऱ्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे, आणि त्यालाही मुदतीचा कायदा, १९६३ यानुसार साधारणतः तीन वर्षांची मर्यादा आहे.

बँका व वित्तीय कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींवर रिझर्व्ह बँकेने बंधने घातली आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने शिवीगाळ, मारहाण, चारचौघांत मानहानी, कुटुंबीय व मित्र यांना त्रास, निनावी वा धमकीचे दूरध्वनी, आणि सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करणे यांना मनाई केली. वसुलीसाठी गुंडांचा वापर करण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये कडक ताशेरे ओढले होते. गाडी भाड्याने देणारा व्यावसायिक रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाही. त्यामुळे हे परिपत्रक त्याला थेट लागू होत नाही. तथापि धमकी ही धमकीच असते. ती कोणीही दिली, तरी भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम ३५१ खाली फौजदारी धाकदपटशाची तक्रार करता येते.

'तुमची पत बिघडवून टाकू' ही धमकी हल्ली वारंवार ऐकू येते. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा आहे. त्याखाली माहिती पुरवणाऱ्या संस्था म्हणजे मुख्यत्वे बँका व कर्ज देणाऱ्या वित्तीय संस्था होत. गाडी भाड्याने देणाऱ्याच्या नुसत्या सांगण्यावरून तेथे कर्जबुडवा अशी नोंद होत नाही. तरीही वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा आपला पतअहवाल प्रत्येकाने पाहावा. चुकीच्या नोंदीविषयीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर प्रतिदिनी १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आली आहे.

तगादा लावणारा दूरध्वनी आला, तर त्याचे नाव, संस्था, अधिकारपत्र आणि मागणीचा लेखी तपशील मागावा. तारीख व वेळ वहीत टिपून ठेवावी. कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नयेत. आवाज न चढवता 'पत्र पाठवा, पत्राने उत्तर देऊ' एवढे सांगणे पुरेसे असते.

परदेशातील मराठी कुटुंबे

शिक्षण व नोकरीनिमित्त अमेरिकेत असलेल्या मराठी तरुणांना हाच प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो. तेथे दुरुस्तीखर्चाबरोबर गाडी वापरता न आल्याची भरपाई, गाडीची बाजारकिंमत घटल्याची भरपाई आणि प्रशासकीय आकार अशा मागण्या येतात. न फिटल्यास त्या वसुली कंपनीकडे सोपवल्या जातात. तेथील ऋणवसुलीविषयक कायदा १९७७ चा आहे. तो लागू होतो तेथे वसुली कंपनीने प्रथम संपर्कानंतर पाच दिवसांत ऋणाचा तपशील द्यावयाचा असतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली, तर पुरावा सादर होईपर्यंत वसुली थांबवावी लागते. २०२१ च्या नियमांनी एका ऋणासाठी सात दिवसांत सातहून अधिक दूरध्वनी करणे हे त्रास देण्याचे लक्षण मानले. कार्डाच्या देयकावरील हरकतीसाठी १९७४ च्या कायद्याने ६० दिवसांची मुदत दिली आहे. मुलाने घाबरून गावाकडे दूरध्वनी केला, तर पालकांनी पैसे पाठवण्याची घाई न करता प्रथम या मुदतींची आठवण द्यावी.

दाद कोठे मागावी

राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. तेथे पुष्कळ तक्रारी सामोपचाराने मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तक्रार दाखल करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याची मोठी सोय अशी, की तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. गोव्यातील व्यवहाराची दाद कोल्हापुरात मागता येते, ती त्यामुळेच. वकील देणे सक्तीचे नाही. अनामत विनाहिशेब अडकवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगापुढे मांडता येते. करार मुळातच अनुचित असल्याची तक्रार मात्र राज्य आयोगाकडे न्यावी लागते.

बँक किंवा वित्तीय कंपनीविरुद्ध तक्रार असेल, तर प्रथम त्या संस्थेकडे लेखी कळवावे. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती व अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

गावपातळीवरील कर्तव्य

या कामी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांचे स्थान मोठे आहे. गावात कोणाकडे मागणीचा कागद आला, की तो बहुधा प्रथम यांच्याकडेच वाचून घेण्यासाठी आणला जातो. त्या क्षणी 'भरून टाका, लचांड नको' हा सल्ला देणे सोपे असते; पण त्या सल्ल्याची किंमत कोणाच्या तरी उसाच्या बिलातून किंवा मुलीच्या शिक्षणाच्या पैशातून चुकती होते. त्याऐवजी कागदातील रकमा वेगळ्या करून दाखवाव्यात, उत्तराचे पत्र लिहून द्यावे, मुदतीची तारीख सांगावी. वसुलीसाठी कोणी गावात येऊन दारात आरडाओरडा करीत असेल, तर चार जबाबदार माणसांनी तेथे उभे राहून ओळखपत्र विचारावे. एवढ्यानेही त्या घराची अब्रू राखली जाते.

शाळेतही याचा संस्कार देता येईल. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून मराठीच्या तासाला एक हरकतीचे पत्र आणि गणिताच्या तासाला घसाऱ्याचे एक उदाहरण करवून घेतले, तर हे ज्ञान घरोघरी पोहोचेल. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यापाशी कागद वाचण्याचे साधन नव्हते, म्हणून त्याने तो जाळला. आज अक्षर घरात आले आहे, कायदाही सोबतीला आहे. आता कागद पुढे आला, की तो शांतपणे वाचावा, त्यातील हिशेब मागावा आणि मुदतीच्या आत त्याला उत्तर द्यावे.